मूठ मापाच्या आधीची की नंतरची

मन्मथ,

तुला बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांत तशीच रीत आहे हे मला ठाऊक होतं, तुझ्या अप्पांनाही असंच नेलेलं मी पाहिलं होतं, तरी तुला त्या मखरात बसलेला पाहून मला एकदम राग आला. कपाळभर भस्म, गळ्यात हार, मान किंचित उजवीकडे कललेली. वादात माझं बोलणं संपायची वाट बघताना तू अगदी असाच बसायचास. ताडकळसच्या बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बायका पाट्या मागे ओढून वाट करून देत होत्या, मोटारसायकली थांबल्या होत्या, पुढे भजन, मागे तू आणि तुझ्यामागे आम्ही. हा आता काहीतरी बोलेल असं मला सारखं वाटत होतं. तू बोलला नाहीस. जंगमांनी तुझ्या हातात लिंग ठेवलं, बेल वाहिला, मग माती लोटली. मीही लोटली.

कॉलेजात शोकसभा झाली. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा मनमिळाऊ स्वभाव, सगळं रीतीप्रमाणे वाचून झालं. मनमिळाऊ म्हटल्यावर मी मान खाली घातली. माझ्याशी तू कधीच मनमिळाऊ नव्हतास, आणि मी तर नव्हतोच नव्हतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो. सभेला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तेही अर्धवट राहिलेल्या भांडणाचं.

बाहेरच्या माणसाला त्या भांडणाचं हसू येईल. अर्थशास्त्राचे दोन प्राध्यापक, दोघंही निवृत्तीला टेकलेले, आणि वाद कशावर, तर एका मुठीवर. तुझ्या अप्पांचं ताडकळसला धान्य खरेदीचं दुकान होतं आणि माझा बाप आपली ज्वारी तिथेच घालायचा. दुकानात धर्माची म्हणून एक टोपली ठेवलेली असे. आलेल्या प्रत्येक राशीतली एक मूठ त्या टोपलीत पडायची आणि श्रावणात त्या धान्याची मठात पंगत व्हायची. कुणीही यावं, जेवून जावं. मीही जेवलोय, तुझ्याच शेजारी बसून. वाद एवढाच होता की ती मूठ माप व्हायच्या आधी काढत की नंतर. आधी काढली तर ती माझ्या बापाची. माप झाल्यावर काढली तर माल दुकानाचा झालेला, म्हणजे मूठ तुझ्या बापाची. तू म्हणायचास नंतर. मी म्हणायचो आधी.

एरवी ही दोन बापांच्या पोरांची तकरार म्हणून चहाबरोबर संपली असती. पण आपण दोघंही एम.ए.च्या वर्गाला आर्थिक विचारांचा इतिहास शिकवत होतो. अभ्यासक्रम ठरलेला. वणिकवाद, निसर्गवाद, सनातनपंथी अर्थशास्त्रज्ञ, मग त्यांच्यावर टीका करणारे, आणि परीक्षा तोंडावर आली की भारतीय विचारवंतांचं एक प्रकरण, तेही ‘घरी वाचा’ म्हणून सोडून द्यायचं. तुला हे फार खुपायचं. अलीकडे मात्र या विषयातलं वारं फिरलं. जगभरचे अभ्यासक म्हणू लागले की आर्थिक विचार म्हणजे युरोपातल्या थोड्या पुरुषांनी ग्रंथात लिहिलेलं तेवढंच नव्हे. तो प्रवचनांत असतो, बाजाराच्या रीतींत असतो, घर चालवणाऱ्या बायकांच्या बोलण्यात असतो, तिथे जाऊन शोधा. तू गच्चीवर उभा राहून मोबाइलवर त्यांची व्याख्यानं ऐकायचास, कारण घरात रेंज नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पिशवी टेबलावर ठेवायच्या आधीच सुरू व्हायचास.

‘केशा, आता आपल्या ताडकळसलाबी जागा हाय बग त्या इतिहासात.’

‘जागा असेल,’ मी म्हणायचो, ‘पण तिथं बसवणार कुणाला?’

तुला कोणाला बसवायचं होतं ते मला माहीत होतं. तुमच्या संप्रदायात कायक आणि दासोह सांगितले आहेत. अंग मोडून केलेलं काम हीच पूजा, आणि त्यातून जे उरेल ते समाजापुढे ठेवायचं. तुझं म्हणणं असं की हा नुसता भक्तीचा उपदेश नाही, हे उरलेलं वरकड कोणाचं या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते पोथीत न राहता आमच्या बाजाराच्या रीतीत उतरलं. पुरावा कोणता? तर ती मूठ. माझं म्हणणं असं की विचाराला विचार करणारा माणूस लागतो. आपल्याला आज सुचलेलं तत्त्वज्ञान मेलेल्या आज्याच्या तोंडी घालायचं आणि मग त्याच्या पाया पडायचं, याला मी इतिहास म्हणत नाही. आपल्या विषयात याच्यासारखी सोपी चूक दुसरी नाही, आणि ती करणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही.

मला हे एवढं बोलता येतं तेही तुझ्यामुळेच, हे इथे सांगायला हवं. विद्यापीठाच्या वसतिगृहात आलो तेव्हा माझं इंग्रजी यथातथा होतं. पुस्तक उघडलं की डोळ्यापुढे मुंग्या. खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत तू मला इंग्रजीत वाचून दाखवलास आणि मी ठोंब्यासारखा बघत राहिलो, तेव्हा तू पुस्तक मिटून विचारलंस, ‘तुमचं रान कसं हाय?’ मी म्हणालो, ओढ्याकडचं काळं, वरचं बरड. ‘मग काळ्यात जास्ती का पिकतं अन् त्या जास्तीचा मालक कोन, एवडंच इचारलंय त्यानं. तुझ्या बापाला समदं ठावं हाय, त्याला फकस्त इंग्रजी येत न्हाई.’ त्या दिवशी माझी भीती गेली. माझ्या बापाचं रान जगाच्या पुस्तकात आहे हे मला तू दाखवलंस, आणि पुढे मी तेच रान घेऊन तुझ्यावर चालून आलो.

पोखर्णीचं लग्न आठवतं? नरसिंहाच्या देवळाजवळची पंगत. आपण समोरासमोर बसलो होतो आणि पहिल्याच घासाला तू मुठीचा विषय काढलास.

‘माझ्या डोळ्यापुढं हाय, केशा. माप झालं की अप्पा सोता उठायचे. हात जोडायचे. मग मूठ टाकायचे.’

‘आणि माझ्या डोळ्यापुढं हाय ते काय सपान? बाप गोणी उपडी करायचा, रास नीट व्हायच्या आत तुमच्या दिवाणजीचा हात ज्वारीत.’

‘तुझा बाप गरीब होता म्हणून तुला समदीकडं लूट दिसती.’

‘तुझा बाप मोठा दाता म्हणून तुला समदीकडं धर्म दिसतो.’

वरणाची बादली घेतलेला वाढपी आपल्यामध्ये उभा होता. बराच वेळ उभा होता बिचारा. शेवटी म्हणाला, ‘सर, वाढू का पुढं जाऊ?’ अख्खी पंगत हसली, आपणही हसलो. पण परत येताना मोटारसायकलवर मी मागे बसून म्हणालो की मठाच्या पायरीवर तुझ्या अप्पांचं नाव कोरलंय, तिथे खरं तर माझ्या बापाचं नाव असायला पाहिजे. मला घरापाशी सोडलंस आणि मग कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाकडे फिरकला नाहीस.

पुण्याच्या एका संपादकांनी या विषयावर मराठी लेखांचा संग्रह काढायचं ठरवलं आणि तुझ्याकडे लेख मागितला. तू मुठीवरच लिहायला घेतलंस. त्या मुठीचं काय ते नक्की करायला तू गावोगाव म्हातारी माणसं गाठत हिंडत होतास. बहुतेकांना आठवत नव्हतं. काहींना दोन्ही आठवत होतं, आणि त्यांना तू बेभरवशाचे म्हणून सोडून दिलंस. सगळ्यात शेवटी तुला तुझी गिरजाआत्या सुचली. अप्पांची बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं म्हणून माहेरी परतलेली, तुमच्या दुकानाचं अंगण झाडणारी, पंगतीचा स्वयंपाक करणारी, आता पालमला लेकीकडे राहणारी. बायकांच्या बोलण्यात विचार शोधा म्हणणारी इतकी व्याख्यानं गच्चीवर उभं राहून ऐकलीस, आणि घरची आत्या शेवटी. हे मी तुला तोंडावर सुनावणार होतो.

शनिवारी तू पालमला गेलास. दुपारी तिथल्या बसस्टँडवरून फोन केलास. मागे कंडक्टर परभणी परभणी ओरडत होता.

‘केशा, तुझंबी बरोबर निघालं. माझंबी.’

‘मग झालं की. मिटलं भांडण.’

‘न्हाई,’ तू म्हणालास. ‘सोमवारी सांगतो. फोनवर न्हाई.’

मला वाटलं तू मला खेळवतोयस. रविवारी सकाळी तुझ्या छातीत कळ आली. नांदेडला न्यायला निघाले आणि पूर्णेच्या थोडं पुढे, गाडीतच, संपलं.

तुझ्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेला, जेवणं झाल्यावर तुझ्या भावानं, नागनाथनं, मला बाजूला घेतलं. दुकान आता तोच बघतो. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

‘सर, तुमी दोगं येगळे नव्हता. त्याचा लेख तेवडा पुरा करा. शेवटी एवडंच घाला की अप्पांनी आपल्या पदरचं दिलं. त्याचीबी तीच इच्छा होती.’

संपादकांचाही फोन आला. फार सभ्यपणे म्हणाले की तुम्हाला त्यांची शैली माहीत आहे, एक-दोन पानांत समारोप करून द्या, संग्रह थांबला आहे. तुझ्या बायकोनं, महानंदा वहिनींनी, लेख मला पाठवला. तू आपली बाजू नीट मांडली आहेस, फार सुंदर मांडली आहेस, आणि मग एक ओळ आहे: ‘आता केशवरावांच्या आक्षेपाकडे वळू.’ त्यापुढे काही नाही. आयुष्यभर केशा म्हणालास आणि लेखात केशवराव.

मी बसलो लिहायला. तुझ्यासारखं लिहिणं मला जड गेलं नाही. ‘म्हणजे असं बघा’ म्हणून वाक्य सुरू करायचं, मध्येच वाचकाला प्रश्न विचारायचा, तो उत्तर देईपर्यंत दोन उदाहरणं द्यायची. तुझ्या बाजूनं मी माझा आक्षेप खोडून काढला, आणि तो असा खोडला गेला की माझा मलाच पटेना झाला. वाचून पाहिलं. कुणालाही वाटलं असतं, हा मन्मथच. मेलेल्याच्या तोंडी विचार घालू नको म्हणून मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, आणि आता मेलेला तू होतास आणि घालणारा मी. सगळं पुसून टाकलं आणि सकाळच्या एसटीनं पालमला गेलो.

आत्या ओसरीवर बसली होती. तिला दिसत कमी, ऐकू मात्र येतं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात धरला आणि आधी थोडी रडली. मग मी विचारलं, मन्मथ कशाला आला होता.

‘मुठीचंच की. त्याला दुसरं काय सुचतच नव्हतं.’

‘मग काय ते, आत्या? मापाच्या आधी काढायचे का नंतर?’

‘कुनाची?’

मला कळलं नाही. ती म्हणाली, ‘कुनाची मूठ इचारायलास तू? देशमुखाचा माल आला की मापानंतर. आमचा दादा सोता उठायचा, हात जोडायचा, आपल्या मालातली मूठ टाकायचा. बारक्या कुणब्याची गाडी आली की आधीच. मोठ्याच्या राशीत आधी हात घातला तर तो दुसऱ्या दुकानावर जातो. बारका कुटं जाईल?’

हे सांगताना तिच्या आवाजात ना राग होता ना लाज. मग तिनं एवढं मात्र सांगितलं, ‘पन पंगतीला समदेच जेवायचे बाबा. पानावरून कुनाला उठिवलं न्हाई कदी.’

म्हणजे खोटं आपल्यातलं कोणीच बोलत नव्हतं. मोठा शेतकरी आला की तुला नवे कपडे घालून गादीवर बसवत असतील, आणि तू बघायचास ते वडिलांचे जोडलेले हात. मी बघायचो ते बापाच्या गाडीवर बसून. तू ज्या म्हाताऱ्यांना बेभरवशाचे म्हणून सोडलंस, तेही खरंच सांगत होते. अप्पांच्या मनात दासोहाचा विचार होता यावर आता माझा विश्वास बसतो. आधी बसत नव्हता. फक्त समोरचा माणूस कोण ते बघून तो विचार मापाच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकायचा, आणि सरकवताना अप्पांना काही टोचत असेल असं मला वाटत नाही. याच्यापुढे तुझा सिद्धांतही उभा राहत नाही आणि माझा आक्षेपही पुरा पडत नाही. खरं सांगू? मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या ओसरीवर बसून राहिलो आणि माझा बाप गोणी उपडी करताना दुसरीकडे बघायचा ते मला आठवलं. तो का दुसरीकडे बघायचा हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

निघताना मी विचारलं, हे ऐकून मन्मथ काय म्हणाला.

‘जेवला न्हाई. ताट वाढलं होतं, तसंच ठिवलं. उठताना म्हनला, आत्या, हे आता कुनाला सांगू नको.’ मग माझा हात दाबून म्हणाली, ‘तू त्याचा दोस्त, म्हणून तुला सांगितलं.’

लेख मी पुरा केला नाही. तू थांबलास तिथेच तो थांबेल आणि तसाच छापला जाईल, असं संपादकांना कळवलं. नागनाथ फोनवर म्हणाला, ‘लोक म्हनतील, माझ्या भावाला उत्तर देता आलं न्हाई.’ म्हणतील. तुझ्या शेवटच्या ओळीत माझं नाव आहे आणि त्याच्याखाली कोरं पान, म्हणजे वाचणाऱ्याला मी जिंकलेला दिसणार. असलं जिंकणं मला नको होतं, मन्मथ. वहिनी मात्र एवढंच म्हणाल्या, ‘त्यांनी लिवलं तेवडंच त्यांचं, भाऊजी. बाकीचं राहू द्या.’

राहू द्यायचं ठरवलं खरं, पण आत्याचं काय करू? तिचं बोलणं तुझ्या लेखात घातलं तर तू न लिहिलेलं तुझ्या नावावर जाईल. माझ्या लेखात घातलं तर तू शोधलेलं मी लाटलं असं होईल. गप्प बसलो तर आत्याबरोबर ते जाईल, आणि तिचे दिवस भरत आले आहेत हे तिला पाहून कुणालाही कळतं. म्हणून ते छापायला देणार असलेल्या या पत्रात, सगळ्यांच्या देखत, तुला सांगितलं. नागनाथ हे वाचेल. तुमच्या घराचा उंबरा मला पुन्हा ओलांडता येणार नाही. हे तू लिहिलं असतंस तर तुला कदाचित मठाची पायरी चढता आली नसती.

लिहिलं असतंस का? मला कळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खातं. आत्याला तू गप्प राहायला सांगितलंस आणि तिथून उठून स्टँडवर येऊन मला फोन केलास. अप्पांना झाकायचं ठरवून तू उठला होतास, की मला सांगायच्या आधी दुसऱ्या कुणाला कळू नये एवढंच तुला हवं होतं? तू मला ओळखत होतास. मला कळलं की मी ते बोलल्याशिवाय राहणार नाही, हे तुला पक्कं माहीत होतं, आणि तरी तू सांगतो म्हणालास. मी त्याचाच आधार धरला आहे. कुणाला सांगू नको म्हणताना तू मला वगळलं होतंस असं धरून मी हे सगळं लिहिलं. नसशील वगळलं, तर तसं मला सांगायला तू नाहीस.